साहेबांना विचारून सांगतो

पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून त्यानं आखाडा बाळापूरला, माझ्या दुकानाशेजारी, हळद दळायची गिरणी टाकली. शर्ट अजूनही इस्त्रीचा, पँटीत खोचलेला, फक्त कॉलर पिवळी. कुलूप उघडण्याआधी घड्याळ बघतो, उशीर झाला म्हणून कुणी बोलणार असल्यासारखा.

गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की म्हणतो, "साहेबांना विचारून सांगतो." पोत्यांच्या थप्पीमागं जातो आणि येऊन हो किंवा नाही सांगतो. गिरणीत त्याच्याशिवाय कुणी नाही, हे मला माहीत होतं. धंद्यातली हुशारी म्हणून मी मनात हसायचो.

परवा वसमतचा एक व्यापारी आला. "वर्षभराचा माल तुमच्याकडंच देतो, पण अजून एक मशीन टाकावी लागंल. आत्ताच सांगा," म्हणाला. हा नेहमीचं वाक्य बोलून मागं गेला, तो परत येईना. व्यापारी चुळबुळ करायला लागला, म्हणून मी बघायला गेलो.

तो भिंतीसमोर हात मागं बांधून, मान खाली घालून उभा होता. कपाळावरच्या हळदीतून घाम ओघळत होता.

मी हसतच विचारलं, "काय म्हणले साहेब?"

त्यानं मान वर केली नाही.

"साहेबच भिऊन राहिले, भाऊ."