बोटावरचा आकडा

चाकूरच्या धान्याच्या मोंढ्यात बसलिंगप्पांचा लौकिक असा, की हा माणूस स्वतःच्या सावलीलाही दोनदा हटकल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. चाळीस वर्षं त्यांनी आडत केली. पोतं कुणाचंही असो, सख्ख्या साडूचं का असेना, त्यात परखी खुपसायची ती तीन ठिकाणी. वर, मध्ये आणि पार बुडाशी. पोत्याच्या पोटात शिरून मूठभर दाणे बाहेर काढणारी ती लोखंडी नळी त्यांच्या हातात कायम असायची. वरचा माल चांगला दिसला की त्यांचा संशय आणखी वाढायचा.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच संशय घ्यायचा सोडला आणि तेवढ्यात घात झाला. भाद्रपदात डावी पोटरी सुजली, ठणकायला लागली. गादीवर दिवसभर मांडी घालून बसतो, सूज येणारच, असं म्हणून त्यांनी वर तेल चोळून घेतलं. चार दिवसांनी लेकीकडं, अक्षराकडं, उमरीला निघाले आणि नांदेडच्या बसस्टँडवर गाडी बदलताना श्वासच आत येईना. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती. दवाखान्यात नऊ दिवस काढले. वाचले.

नंतरच्या तपासणीत डॉक्टर ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, “आप्पा, गाठ विरघळली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र मी सांगेपर्यंत चुकवायची नाही, रोज चालायचं. थोडी धाप लागेल. भीती त्याहून जास्त दिवस राहील, तिला लाजू नका. छातीत दुखलं, पाय सुजला, कुठून रक्त आलं, तर थांबायचं नाही, लगेच निघायचं.”

बसलिंगप्पांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर मुलाला म्हणाले, “सोमेश, बाईनं वरचीच परखी मारली. बुडाशी काय हाय ते कुणी बघितलं?”

“आप्पा, सगळी छाती मशीनमध्ये घालून बघितली की.”

“मशीन बी माणसानंच केलीय.”

घरी आल्यावर त्यांनी बोटाला लावायचं, रक्तातला प्राणवायू सांगणारं यंत्र मागवलं. ते सत्त्याण्णव दाखवायला लागलं, तेव्हा इतकं चांगलं कसं, म्हणून दुसरं मागवलं. दुसरं पंच्याण्णव दाखवायला लागलं. मग दोघांत खोटं कोण हे ठरवायला तिसरं आलं. गोळीचं पाकीट बदललं तर ते उजेडात धरून अक्षरं जुळवायचे. सोमेश फोनवर बोलत अंगणात गेला की यांचे कान दारापाशी. पत्नी पार्वतम्मा भाकरी वाढताना जरा जास्त वेळ बघत राहिल्या, तर घास घशात अडकायचा. हिला काहीतरी सांगितलंय आणि मला सांगत नाहीत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

खरं सांगायचं तर भीती छातीत आधी यायची आणि संशय तिच्या मागून. जिना चढताना धाप लागली की नांदेडचा बसस्टँड आठवायचा, तो आठवला की धाप वाढायची. हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि एका सकाळी नको ते घडलं. बसलिंगप्पा पूजेला बसले होते. गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, ओल्या बोटांनी विभूती लावली. सगळीकडं शांत होतं, आणि त्या शांततेत त्यांना आपलंच काळीज धडधडताना ऐकू आलं. त्यांनी उजवा हात लांब करून शेजारच्या यंत्रात बोट सारलं. शहाऐंशी! दुसऱ्या यंत्रानं चौऱ्याऐंशी दाखवलं. तिसऱ्यानं आकडाच दाखवला नाही, नुसत्या रेघा.

दुपारी सत्त्याण्णव. संध्याकाळी शहाण्णव. दुसऱ्या दिवशी पूजेत पुन्हा पंच्याऐंशी. तिसऱ्या दिवशीही तेच.

व्यापाऱ्याच्या डोक्यानं हिशेब लावायला वेळ घेतला नाही. लिंग हातात घेतलं की श्वास उतरतो. गाठ कुठंतरी बुडाशी दबून बसलीय, आणि वरचा मालक आपल्याला बोलवून राहिलाय. मेलेल्या माणसाला लिंगायतांत लिंगैक्य झाला म्हणतात. तो शब्द आता रोज सकाळी त्यांच्या अंगावर यायला लागला. डॉक्टरला फोन करावा तर परत दवाखाना, परत नाकात नळी. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पूजा मात्र सोडली.

आठव्या वर्षी दीक्षा झाल्यापासून या माणसानं पूजेशिवाय पाण्याचा घोट घेतला नव्हता. नांदेडच्या खाटेवरही डबी उशाशी घेऊन डोळे मिटले होते. तोच माणूस आता देवघराचं दार लोटून घ्यायचा, कोरड्याच विभूतीची तीन बोटं कपाळाला ओढायचा, थोडा वेळ भिंतीकडं बघत बसायचा आणि बाहेर येऊन नाष्ट्याला बसायचा. त्यांना स्वतःची लाज वाटायची. जिवाच्या भीतीनं आपण देवाशी लबाडी केली, यापेक्षा हलकं काम त्यांना ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी पार्वतम्मांनी ताट वाढलं आणि ते त्यांच्यापुढं न ठेवता स्वतःच्याच मांडीवर धरून बसल्या.

“पूजा झाली?”

“हाव.”

“मग तांब्यातलं पाणी काल जेवढं भरलं तेवढंच कसं? बेलपानं वाळून गेली टोपलीत. अठरा दिवस बघून राहिले मी.”

“पाळत ठेवती काय माझ्यावर?”

“ठेवली,” पार्वतम्मा म्हणाल्या. “मला वाटलं, तुमाला कायतरी कळलंय. जगायची आशा सोडली म्हणून देव बी सोडला. विचारायची लई भीती वाटली मला.”

बसलिंगप्पांच्या ध्यानात आलं. जिच्यावर आपण संशय घेत होतो, ती आपल्यावर घेत होती, आणि दोघांच्या पोटात भीती एकच! मग त्यांना राहवलं नाही. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, रेघा, सगळं सांगून टाकलं.

“माझ्यासमोर करा,” पार्वतम्मा उठल्या. “माझी बी राहिलीय आज. दोघं मिळून बसू.”

दोघं देवघरात शेजारी बसले. दोघांच्या गळ्यातल्या डब्या उघडल्या. रांजणातलं पाणी इतकं गार, की बोटं ठणकली. बसलिंगप्पांनी यंत्र लावलं. पंच्याऐंशी. “बघ,” ते म्हणाले, आणि बोट तिच्यापुढं धरलं.

पार्वतम्मांनी आकडा बघितला. नवऱ्याच्या बोटाचं यंत्र काढलं आणि तसंच स्वतःच्या विभूतीनं माखलेल्या बोटाला लावलं.

त्र्याऐंशी.

“सोमेश!” बसलिंगप्पा ओरडले. तळहातावरचं लिंग छातीशी धरून ते उठूनच उभे राहिले. “गाडी काढ! तुझ्या अव्वाला नांदेडला न्यायचंय! लवकर!” आपली धाप, आपली गाठ, सगळं ते विसरले होते.

सोमेश धावत आला. पार्वतम्मा मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी यंत्र काढलं, हात पदराला घासून पुसला, काखेत धरून ऊब दिली आणि बोट पुन्हा आत घातलं. आकडा चढत गेला. अठ्ठ्याण्णव. मग नवऱ्याचा हात ओढून घेतला, तसाच पुसला, दोन्ही तळव्यांत धरून चोळला. सत्त्याण्णव.

सोमेशनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, बोट गार, ओलं, त्यावर काही लावलेलं असलं तर यंत्र चुकीचं सांगतं. तरी सोमवारी येऊन जा, एकदा बघते. आणि आप्पांना सांगा, एकोणीस दिवस एकट्यानं भ्यायचं नव्हतं.

बसलिंगप्पा खाली बसले. लिंग पुन्हा तळहातावर घेतलं. काळीज अजून धडधडतच होतं, श्वास अर्ध्यात अडखळत होता. पण आता त्यांना ठाऊक होतं की ही भीती आहे, आणि भीती शेजारी बसवून पूजा करता येते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. यंत्राकडं हात गेला, तो त्यांनी मागं घेतला.

पूजा झाल्यावर ताट पुढं आलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि मोडताना तो त्र्याऐंशीचा आकडा त्यांना पुन्हा आठवला. तीन महिने घरातल्या सगळ्या यंत्रांत एकच बोट गेलं होतं, त्यांचं स्वतःचं.

“तुला लागती का कदी धाप?”

पार्वतम्मा चुलीकडं बघत म्हणाल्या, “जिन्याला लागती की. वरीस झालं. कुणी विचारलं न्हाई.”

बसलिंगप्पांनी तुकडा ताटात ठेवला. अंगणात सोमेश फोनवर सोमवारचा नंबर लावत होता. ते आतूनच ओरडले,

“सोमेश, दोन नंबर लाव!”