मैनेची बोलायची नोकरी

उद्या मैना मुंबईत कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर ती टेप वाजवणार आणि मग तिची नोकरी जाणार, ही भीती आठवडाभर माझा पिच्छा सोडत नाही. फळ्यावर पाढे लिहिताना तेच, भाकरी थापताना तेच. आणि तरी खरं सांगायचं तर भीतीइतकाच आनंदही होतोय. घरातले सगळे कधीचे झोपले. मला झोप येत नाही, कारण माझ्या मुलीने जे काम धरलंय तसलं काम आमच्या कुळात कोणी ऐकलंही नव्हतं.

मैना माझी थोरली. आमचं घर सारसोळ्यात, खाडीच्या काठाला. मी माहीमची, इंटरपर्यंत कॉलेजात शिकलेली. लग्न होऊन इथे आले आणि गावच्या शाळेत मास्तरीण झाले. मैनेचे वडील हिरामण मुंबई बंदरात लाँचवर सारंग आहेत. बापाचं नाव हिरामण, म्हणून आजीने हौसेने नातीचं नाव मैना ठेवलं. पोर नावासारखीच निघाली. चौथीत असल्यापासून ती एसटीची वाट पाहणाऱ्या कोळणींना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बायका पाट्यांवर हात ठेवून ऐकायच्या आणि छापलेल्या बातमीशी भांडायच्या. "पानी येनार, पानी येनार! कवा येनार ते लिवलंय का?" मैना वर्तमानपत्राच्या वतीने उत्तर द्यायची, तेही कमरेवर हात ठेवून.

पुढे ती मामाकडे, माझ्या भावाकडे, माहीमला राहून बी. ए. झाली. मला वाटलं, आता माझ्यासारखी शाळेत लागेल. त्याच सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची धुराडी उभी राहत होती. त्यातल्या एका रसायनांच्या कारखान्याची जाहिरात तिने कापून आणली. 'जनसंपर्क विभागात सहाय्यक हवा.' मी म्हटलं, "अगं, 'हवा' लिहिलंय, 'हवी' नाही." ती म्हणाली, "मग मी गेल्यावर बदलतील." आणि बदललं की त्यांनी!

गावात सांगताना माझी पंचाईत झाली. माझी थोरली जाऊ गोजरा ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. तिने ओट्यावरूनच विचारलं, "शांते, काय काम करते गो तुजी मैना?"

"लोकांशी बोलते."

"आनि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"मंग माजा तीस सालांचा पगार कुटं हाय तो इचार!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण मलाही नीटसं कुठे कळलं होतं? मैनेचे वरिष्ठ वामनराव पूर्वी वर्तमानपत्रात होते. त्यांच्या मते जनसंपर्क म्हणजे पत्रकारांना चहा, पाहुण्यांना हार आणि दुसऱ्या दिवशी फोटो. माणूस प्रेमळ. मैनेला 'पोरी' म्हणतात, तिची मराठी सुधारतात, चुकली तर पाठीशी घालतात.

आणि ती चुकली. गावकऱ्यांनी कारखाना आतून पाहावा, अशी तिचीच कल्पना. रविवार ठरवला, पत्रकं छापली, मांडव घातला. त्या दिवशी अमावस्या. खाडीला उधाण, झाडून सारे पुरुष होड्या घेऊन पाण्यात, बायका मासळीच्या मागे. मांडवात आली ती फक्त पोरं, आणि पेढे संपवून गेली. वामनराव मिश्कीलपणे म्हणाले, "तुझेच लोक ना गं हे?" मैना घरी येऊन तोंड लपवून बसली. खाडीकाठी जन्मलेली पोर, पण पाच वर्षं मुंबईत राहून तिलाही आठवडा रविवारी संपतो असं वाटू लागलं होतं. गोजरा तिला म्हणाली, "रविवार तुमच्या हापिसाचा गो. आमचा रविवार अष्टमीला, भांगाचा. तवा पान्याला जोर नसतो, मानसं जाळी शिवत घरी असतात."

मैनेने पुढचा दिवस अष्टमीचा मागितला. वामनराव म्हणाले, "आता कंपनी पंचांगावर चालवायची का?" पण दिला. आणि अष्टमीला माणूस मावेना! सारसोळ्याचे आले, पार बोनकोड्याहूनही आले. म्हाताऱ्यांनी प्रत्येक नळाला हात लावून पाहिला. शेवटी एकाने विचारलं, "समदं बगितलं. घान पानी कुटं सोडता ते दावा." कारखाना दाखवणाऱ्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात कंपनीने मैनेला मुंबईला सहा आठवड्यांच्या शिक्षणक्रमाला पाठवलं. जनसंपर्काचं शिक्षण! मामाकडे राहते, शनिवारी घरी येते आणि जेवताना हातातला घास हातातच ठेवून बोलत सुटते. "आई, नुसती पत्रकं छापायचे दिवस गेले. आता आधी लोकांना विचारायचं. पाहणी करायची, उत्तरं मांडायची, मग साहेबांना सांगायचं की तुमचं चुकतंय. आणि कामगारांसाठी मासिक काढायचं, त्यात कामगारांनीच लिहायचं. परदेशात तर कंपन्या तक्रारी स्वतः गोळा करतात!" तिचे वडील म्हणाले, "आधी मासा खा, काटे गोळा कर." मला मात्र अंगावर शहारे येत होते. मी आयुष्यभर वर्गात मुलांना 'गप्प बसा' म्हणत आले. इथे माझ्या मुलीला लोकांना 'बोला' म्हणायला शिकवत होते!

वर्गाने प्रत्येकाला एक काम दिलं: आपल्या कंपनीविषयी गावाचं मत आणा. मैना कंपनीच्या जीपमधून बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन आली. दोन फिरक्या, मधून सरकणारी तपकिरी फीत. पहिल्यांदा शेजारच्या जनाबाईने नुसतं खोकून दाखवलं. तो खोकला परत ऐकू आल्यावर बायका किंचाळल्या, मग प्रत्येकीला खोकायचं होतं. शेवटी गोजरा पुढे आली. पदर खोचला आणि बोलली:

"तुमचा कारखाना आला. माजा नामा तिकडं कामाला लागला, त्याचं लगीन ठरलं. ठीक हाय. पन शिमग्यापासून खाडीच्या बोयला घासलेटचा वास येतो. ठान्याला बायका मासा हुंगतात नि खाली ठेवतात. तुमचा सायब कागद छापतो, पानी साफ हाय म्हून. तर त्या सायबाला माज्या घरी जेवाया धाड. मी बोय रांधते. त्यानं पुरा खाल्ला, तर मी बोलायची बंद."

मैनेने ती फीत वामनरावांना ऐकवली. ते म्हणाले, "'ठीक हाय'पर्यंत सोन्यासारखं आहे. पुढचं काप." फीत म्हणे पात्याने कापून चिकटवता येते, कोणाला कळतही नाही. "शिक्षणक्रमाच्या समारोपाला मोठे साहेब यायचेत. तू अजून कायम झालेली नाहीस, पोरी. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

खरंच भल्याचं सांगत होते ते. मैना गेल्या शनिवारी घरी आली ती फिरकी पिशवीत घेऊनच. "आई, शिकवतात एक आणि सांगतात दुसरं. कापू की ठेवू? तू विचार कर आणि मला फोन कर. मामाच्या चाळीखालच्या औषधवाल्याकडे निरोप घेतात."

मला पहिल्यांदा वाटलं, कापू दे. इतकी चांगली नोकरी, इतक्या हौसेने मिळवलेली. दोन वाक्यांसाठी घालवायची? मग वाटलं, ठेवू दे. मग पुन्हा कापू दे. असे दिवस गेले. आज संध्याकाळी एकदम लक्षात आलं की वामनराव मैनेला विचारतात, मैना मला विचारते, आणि जिचे शब्द आहेत तिला कोणी विचारतच नाही. मी तशीच उठले आणि गोजराकडे गेले. ती चिंबोऱ्या साफ करत होती. मी सगळं सांगितलं, मैनेच्या नोकरीचं भयही सांगितलं.

गोजराने चिंबोरीची नांगी मोडली आणि म्हणाली, "पोरीच्या पोटावर पाय नको. काप म्हनावं."

माझा जीव भांड्यात पडला.

"पन मंग समदं काप. 'ठीक हाय' पन काप. माजं गोड तेवडं ठेवायचं नि तिकट काढायचं? कालवन हाय का ते?"

"जाऊबाई, पण—"

"पन बिन काय नाय. नामाला काम मिलालं ते मी खरं बोललो. वासाचं बी खरं बोललो. एकाच तोंडानं. अर्ध्या तोंडाची बाई दावनार सायबाला? आनि तू गो, मास्तरीन, तुज्या पोरांच्या पेपरात अर्धं उत्तर खोडतेस नि पुरे मार्क देतेस?"

मला हसू आलं, आणि हसताना भीती थोडी बाजूला सरकली. सहा आठवडे मैना जे मला जेवणाच्या ताटावर समजावत होती ते हेच की! लोकांना विचारायचं, आणि ते जे बोलतील ते पुरं न्यायचं. गोजराचं नुसतं 'ठीक हाय' ऐकून साहेब खूश होतील, गावाला कळेल, आणि मैनेच्या यंत्रापुढे पुन्हा कोणी खोकणारही नाही. मग तिची नोकरी राहून तरी काय करायची? बोलायची नोकरी, आणि समोर बोलायला कोणी नाही.

नोकरी जाईल का? जाईलही. ती भीती अजून आहेच. वामनरावांसारखा माणूस तिच्या पाठीशी उभा राहील का, ठाऊक नाही. पण मोठ्या साहेबाने ते जेवणाचं आमंत्रण ऐकलं तर? तो हसला तर? हसून 'कधी जायचं' म्हणाला तर? अशा विचारांनी मी पुन्हा पुन्हा उठून बसते, आणि ते नुसत्या काळजीने नाही.

शाळेला उशीर झाला तर होऊ दे. सकाळी पहिल्या गाडीने बेलापूरच्या पोस्टात जाणार, माहीमला ट्रंक कॉल लावणार आणि औषधवाल्याला सांगणार, मैनेला खाली बोलाव, निरोप नको, मला तिच्याशीच बोलायचंय.