मोहनरावांचा गुहागरचा हिवाळा

कळसच्या मोहनरावांना थंडी सोसत नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दिवाळी आटोपली की त्यांचे गुडघे बोलू लागत. गुडघ्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून ते गुहागरला धाकट्या बहिणीकडं, रतनकडं, जात. तिचा नवरा तिथं शाळामास्तर. दोन महिने समुद्राचा उबारा आणि माशांचं कालवण घेऊन ते संक्रांतीनंतर परतत. इकडं वांग्याचा मळा आणि म्हशी बायको बघायची.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. घरटी एक-दोन माणसं आडवी झाली, त्यात त्यांची बायको प्रयागबाईही. मोहनराव नाकाला उपरणं लावून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"तुझी काळजी करून माझीच तब्येत ढासळायची," ते म्हणाले. "मी जाऊन येतो."

"जावा," प्रयागबाई म्हणाली. "तेवढ्याच चार भाकरी कमी."

बारामतीला एस.टी.त शेजारचा शिंकला, तशी त्यांनी जागा बदलली. तिथंही एक खोकत होता. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत तीन गाड्या आणि सात जागा बदलून त्यांनी सगळ्यांचा खोकला गोळा केला. गुहागरला दोन दिवस नाक वाहिलं, ते त्यांनी धुळीवर ढकललं. चौथ्या दिवशी मास्तर पडले. मग रतन, तिची तिन्ही पोरं आणि सासू. शेजारी अंगणातही पाय ठेवीनात. घरात उभं माणूस एकच उरलं.

मोहनरावांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिल्या दिवशी घरभर धूर झाला, दुसऱ्या दिवशी पेज करपली.

"पाव्हणं," रतनची सासू अंथरुणातूनच म्हणाली, "ताप परवडला. ह्ये न्हाय गिळवत."

त्यांनी घरी कार्ड टाकलं, 'पेजेला पाणी किती घालावे, ताबडतोब कळवणे.' बायकोची प्रकृती विचारायला जागा उरली नाही. गुडघ्यांविषयी बरंच लिहायचं होतं.

उत्तर आलं तोवर सगळी उठली होती आणि रतन चुलीपुढं बसली होती. कार्ड प्रयागबाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. रतननं वाचलं, "'तांदळाच्या आठपट पाणी. मी बरी आहे. वांगी तोडायला आली. थंडी फारशी नाही.'"

"आणि?"

"एवढंच हाय, दादा. कधी येताय, ते विचारलं न्हाय."

मोहनरावांनी कार्ड उलटं करून पाहिलं. मागं नुसता पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एस.टी. धरली. संक्रांतीला अजून महिना होता.