रूपलाल बिसेनांचं कॉकपिट

गोंदियाजवळच्या कामठ्यात रूपलाल बिसेनांना सगळे 'मिगवाले' म्हणतात. ते विमान चालवायचे म्हणून नव्हे. रूपलाल उभ्या आयुष्यात एकदाही मिगमध्ये बसून आभाळात गेले नाहीत. हवाई दलात ते इन्स्ट्रुमेंट फिटर होते. वैमानिकासमोरची घड्याळं, काटे, दिवे नीट चालतात की नाही हे जमिनीवर तपासायचं, शिडीवरून खाली उतरायचं आणि विमान दुसऱ्याच्या हवाली करायचं, ही त्यांची नोकरी. घोडा आपण सजवायचा आणि नवरदेव दुसराच बसायचा, त्यातला प्रकार. पण गावाला एवढं बारीक कोण समजावत बसणार? शेजारच्या बिरसीच्या धावपट्टीवरून एखादं शिकाऊ विमान उडालं की पानठेल्यावरून कोणी ना कोणी ओरडतंच, "मिगवाले, तुमचं पोट्टं चाललं पाहा!" रूपलालही हसून हात वर करतात.

तर या मिगवाल्यांनी सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टेबल मांडून मिग-२१चं प्लास्टिकचं मॉडेल बांधायला घेतलं. खोकं पुण्याहून मुलानं, लोकेंद्रनं पाठवलं होतं. गेल्या वर्षी हवाई दलानं ही विमानं निवृत्त केली तेव्हा बाप धड जेवत नाही, असं त्यानं आईकडून फोनवर ऐकलं होतं. पंख, शेपूट, चाकं, सगळं छान जुळलं. कॉकपिट पाहिलं तर आत काय? एक सपाट पाटी आणि तिच्यावर चिकटवायचा छापील कागद. रूपलालांचं डोकंच फिरलं. जिथं उमेदीची सारी वर्षं घातली, तिथं स्टिकर! त्यांनी पाटी बाजूला फेकली आणि आतलं सगळं स्वतः घडवायचं ठरवलं.

यामागे खरं कारण होतं त्यांच्या पत्नी, तुलसाबाई. घरची थोरली सून. म्हातारे सासू-सासरे आणि धानाच्या बांध्या सोडून त्या कधी नवऱ्याच्या क्वार्टरवर नांदल्या नाहीत. एकदाच चार दिवस गेल्या, तर तिथंही हँगरच्या फाटकाआत घरच्यांना सोडत नव्हते आणि फोटोला सक्त मनाई. नवरा सुटीत यायचा, पाहुण्यासारखा राहून जायचा. आता म्हातारपणी रूपलाल कौतुकानं काही सांगू लागले की त्या म्हणायच्या, "तुमी तिकडं कोनत्या डब्यात बसून राहत होते, देव जाने. मी इकडं चिखलात धानाचा रोवना करून राहिली होती."

यात राग कमी आणि खरं जास्त, म्हणूनच ते रूपलालांना लागायचं. मरायच्या आत हिला तो डबा एकदा दाखवायचा, 'हे पाहा, मी इथं होतो' म्हणायचं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती.

सामान सगळं घरातलंच. बाद झालेल्या एटीएम कार्डाची खुर्ची झाली. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून खुर्चीचे पट्टे. प्लास्टिकची काडी दिव्यावर धरायची आणि ऊन झाली की हलकेच ओढायची. केसासारखी तार निघते, तिचे दांडे आणि नळ्या. घड्याळं मात्र कागदावर छापून आणलेली, एकेक मोहरीपेक्षा जराशी मोठी. ती गोल कापायची, जागेवर बसवायची आणि वर गोंदाचा थेंब सोडायचा. थेंब वाळला की काच तयार.

आणि तिथंच गाडी अडली. रूपलालांचा उजवा हात आताशा थरथरू लागला होता. चिमट्यातलं घड्याळ टुणकन उडायचं आणि म्हातारा सपरीभर रांगत त्याला शोधायचा. आतून तुलसाबाई विचारायच्या, "काऊन, काय पडलं?" रूपलाल म्हणायचे, "काही नाई." असं काही नाही, काही नाही करत एक दिवस त्यांनी टेबलावर टॉवेल टाकला आणि गुमान बाजेवर जाऊन बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

तुलसाबाईंनी टॉवेल उचलून पाहिला. "हे गोल तुकडे कापाचे हायेत ना? मले देऊन पाहा. उद्या करू."

सकाळी रूपलाल येऊन पाहतात तो छापील कागद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. शाई फुटून सगळ्या घड्याळांचा काळा चिखल झालेला.

"हे काय करून ठेवलं तुनं? कागद कोनी पान्यात ठेवते का?"

"मंग? भिजवल्याबिगर पत्ता कापते का कोनी?" तुलसाबाईही कमी नव्हत्या. "कोरडा कापला तं फाटते."

"पत्ता? कोनता पत्ता?"

तुलसाबाईंनी ते ओलं फडकं उचललं. मग खाली पाहत म्हणाल्या, "तेंदूचा."

लग्नाआधी माहेरी त्या आईसोबत बिड्या बांधायच्या. ओल्या फडक्यात पत्ता मऊ करायचा, पत्र्याचा साचा ठेवून कापायचा, तंबाखू भरून वळायचा, सुतानं बांधायचा. पण बिसेनांचं घर जमीनदारीच्या तोऱ्याचं. आल्या दिवशीच सासूनं बजावलं होतं, हे इथं कुणापुढं काढायचं नाही. त्यांनी काढलं नाही, ते नाहीच.

"अवो, मले तरी सांगाचं होतं," रूपलाल म्हणाले.

"तुमी होते कुठं?"

रूपलाल उठले, एसटी धरून गोंदियाला गेले आणि नवा कागद छापून आणला.

या खेपेला तुलसाबाईंनी कोरडाच कापला. चष्मा नाकावर, कैची बोटांत, आणि ती बोटं अशी चालली की रूपलाल बघतच राहिले. जुनी सवय मात्र जाता जाईना. खुर्चीच्या पट्ट्यांची टोकं त्यांनी बिडीचं तोंड मुडपावं तशी झकास आत मुडपून टाकली, आणि रूपलालांनी ती सुईनं परत उघडली. "बिडी नाई वो, पट्टा हाये," ते म्हणाले आणि दोघंही पोट धरून हसले.

मग रोज दुपारी काम चालू लागलं. त्या घड्याळ बसवायच्या, ते शेजारी बसून नाव सांगायचे. हे उंचीचं. हे वेगाचं. हे तेलाचं. एकदा तुलसाबाईंचा हात मध्येच थांबला.

"हा काटा खोटा दाखवला तं?"

"तं वरचा मानूस कधी कधी खाली येत नाई."

"आनि तो काटा तुमी पाहत होते?"

"हाव."

"मंग तुमाले रातच्याले झोप येत होती?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रूपलाल म्हणाले, "नाई येत होती." तुलसाबाईंनी पुढचं घड्याळ उचललं. पण त्या दिवसापासून 'डबा' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच.

शेवटी राहिला रंग. मिगच्या कॉकपिटचा आतला रंग धड निळा नाही, धड हिरवा नाही. लोकेंद्रनं पाठवलेली बाटली रूपलालांनी उघडली आणि नाक मुरडलं. त्यात पांढरा घातला, निळा घातला, प्लास्टिकचे तुकडे रंगवून उन्हात वाळत ठेवले. एकही पसंत पडेना. "डोळ्यापुढं दिसून राहिला, पन जमून नाई राहिला," ते चिडून म्हणाले.

"दाखवा बरं," म्हणून तुलसाबाईंनी त्यातला जवळचा एक तुकडा हातात घेतला. बराच वेळ त्याकडं पाहिलं. मग उठल्या आणि मागच्या जुन्या मातीच्या खोलीत गेल्या. तिथं आता धानाची पोती असतात. पोती सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा केसांना धूळ लागली होती आणि तळहातावर भिंतीचा एक पोपडा होता.

पोपड्यावर रूपलाल शोधत होते तोच रंग होता. हुबेहूब तोच.

रूपलालांना काही आठवेना. तुलसाबाईंनी आठवण दिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुटीत नवऱ्यानं चुन्यात नीळ आणि हिरवी पूड कालवून दोघांची खोली रंगवली होती. सासूनं तोंड वाकडं केलं, शेजारणी हसल्या, असा रंग गावात कुणाच्या घरी नव्हता. रंग वाळला आणि नवरा नोकरीवर निघून गेला.

"मले आठोतच नाई," रूपलाल पोपडा हातात धरून म्हणाले. "रोज तोच रंग पाहत होतो, हातानंच केलं असन."

"सासूनं किती सांगतलं, पांढरा मार. मी मारू नाई देल्ली." तुलसाबाई त्यांच्याजवळ बाजेवर बसल्या. "दिवसभराचं काम झालं का मी त्याच भिंतीले पाठ लावून बसत होती. लोकेंद्रले तिथंच पाजलं, तिथंच निजवलं. पक्कं घर होयेपर्यंत त्याच खोलीत होती मी."

रूपलालांचे डोळे भरून आले. तुलसाबाईंनी पदरानं ते पुसले आणि म्हणाल्या, "आता मले दाखवाचं काय रायलं जी? मी तं यातच राहत होती."