नावाडीणबाईंचा आवाज

थापाकाका हे नाव त्यांना वाचकांनी दिलं आणि त्यांनी ते मोठ्या कौतुकाने मिरवलं. नको त्या गोष्टी माणूस तरुणपणी मिरवतो आणि म्हातारपणी त्याच मानगुटीवर बसतात. पण हे त्यांना तेव्हा सांगणार कोण?

त्यांचं खरं काम संवाद लिहिण्याचं. एका लहानशा कंपनीत त्यांनी 'काळ्या मुकुटाचं राज्य' नावाच्या व्हिडिओ गेमचे संवाद लिहिले होते. राक्षस, किल्ले, जादूगार आणि तलवार घेऊन गावोगाव हिंडणारा एक वीर, असा सगळा मामला. गेम तुफान चालला, कंपनी मात्र बुडाली. मग काका एका कॉम्प्युटर मासिकात मुद्रितं तपासायला लागले आणि शेवटच्या पानावर त्याच गेमची 'पडद्यामागची माहिती' लिहायला लागले. माहिती कसली, निव्वळ लोणकढी थापा! ड्रॅगनची डरकाळी म्हणजे ऑफिसातल्या गळक्या नळाचा आवाज, हळू करून लावलेला. तिसऱ्या गावातली सगळी माणसं सारखी दिसतात, कारण चित्रकाराला एकच चेहरा यायचा, आणि तोही त्याच्या सासऱ्याचा. तळघरातले सांगाडे कमी केले, कारण झाडूवाल्या बाईंनी पसाऱ्याबद्दल तक्रार केली. दुकानदारासमोर आठ तास नुसतं उभं राहिलं तर तो कंटाळून दुकान बंद करतो आणि घरी जातो. प्रत्येक थापेच्या शेवटी ठरलेलं वाक्य: शपथेवर सांगतो!

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण लोकांना ते आवडायचं. मासिक हातात पडलं की आधी शेवटचं पान उघडायचे.

या सगळ्या खोट्याच्या मधोमध एक खरी गोष्ट होती, आणि ती काकांनी कधीच छापली नव्हती. गेममध्ये एक नावाडीण आहे. वीराला नदीपार काळ्या किल्ल्याकडे सोडते. तिचं काम करणारी नटी रेकॉर्डिंगच्या दिवशी आलीच नाही. नेमकी त्याच दिवशी काकांची बायको त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली. शाळेत गणित शिकवायची ती. रेकॉर्डिंगवाल्याने तिलाच माईकसमोर उभं केलं. काकांनी लिहिलं होतं, "हे वीरा, पैलतीरी मृत्यू तुझी वाट पाहतो आहे." तिने कागद वाचला आणि म्हणाली, "असं कोण बोलतं हो?"

आणि मग आपल्याच मनाने बोलली, "सावकाश बसा, नाव हलते जरा. पोटात काही घातलंय का? रिकाम्या पोटी मरायला जाऊ नये."

एवढंच. पण खेळणाऱ्यांना नावाडीण जी आवडली, ती आवडलीच. मासिकाकडे विचारणा व्हायला लागली, हा आवाज कुणाचा? काकांनी घरी सांगितलं तर बायको उखडली. "अहो, माझं नाव घातलंत तर बघा! वर्गात मी पाढे म्हणेन आणि पोरं म्हणतील, पोटात काही घातलंय का? त्यापेक्षा तुमच्या जुन्या ऑफिसच्या गेटवरच्या वॉचमनचं नाव घाला. गरीब माणूस, त्याला कोण विचारतंय."

दोघं हसून हसून लोळली. पुढच्या अंकात छापून आलं: नावाडीणबाईंचा आवाज आमच्या वॉचमनचा आहे, टेप जोरात फिरवून बायकी केलेला. शपथेवर सांगतो!

पुढच्या वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात खेळ संपला. मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. घरात फोटो होते, पण आवाज तेवढा गेममध्येच होता. पोरीला मांडीवर घेऊन काका कॉम्प्युटरसमोर बसायचे, वीराला नदीकाठी न्यायचे. "ऐक, आई बोलतेय." नावाडीण विचारायची, पोटात काही घातलंय का, आणि पोरगी पडद्याला सांगायची, "हो, घातलंय."

वर्षं गेली. पोरगी मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. गेम इंटरनेटवर पोचला आणि काकांच्या थापाही त्याच्या शेपटीला धरून पोचल्या. नावाडीणबाईंच्या वाक्याखाली जगभरचे रिकामटेकडे लिहायचे: काय बेमालूम बायकी आवाज काढलाय पठ्ठ्याने! मुलगी ते वाचायची आणि फोन उपडा ठेवायची. एकदाच म्हणाली, "बाबा, लोक आईला हसतात."

मग बातमी आली, एक नवी कंपनी तो गेम पुन्हा काढतेय. नवी चित्रं, नवे आवाज. मुलगी म्हणाली, "निदान आईचा आवाज राहू दे. आणि खाली तिचं नाव. तू सांग त्यांना." काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

कंपनीची मॅनेजर तिशीतली पोरगी. काकांना बघून खुर्चीतून उठलीच. "काका! तुमच्यामुळे मी लहानपणी त्या दुकानदारासमोर आठ तास उभी राहिले होते. आईने कान उपटला माझा. आता बघा, नव्या गेममध्ये तो खरंच दुकान बंद करून घरी जातो. तुमच्यासाठी केलंय!"

काकांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला? मग त्यांनी घसा साफ केला आणि चष्म्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा फुलत गेला. शेवटी तिने टेबलावर थाप मारली. "काका, अहो, तुमच्यात अजून तो दम आहे! चष्मा विसरला काय, गणिताच्या बाई काय! हे घेऊ या आपण पुस्तिकेत."

"अहो, हे खरं आहे."

"शपथेवर?" तिने विचारलं आणि खो खो हसली.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो हा. पुरावा मागितला तर काका देणार काय? जुनी कंपनी उरली नव्हती, रेकॉर्डिंगवाला वारला होता, बायकोने कुठे सही केली नव्हती. उरला एकच माणूस. त्या दिवशी तिला गेट उघडून देणारा वॉचमन.

वॉचमन आता मुलाकडे राहत होता, जिन्याखालच्या एका खोलीत. खाटेच्या वर काचेत घालून टांगलेलं काय होतं? मासिकातलं काकांचं शेवटचं पान, नावाडीणबाईंच्या थापेचं. काकांना बसायलाही सुचेना.

"दादा, आठवतंय ना? माझी बायको चष्मा घेऊन आली होती."

"आठवतंय की. बाई फार चांगल्या. मला विचारलं त्यांनी, जेवलात का म्हणून." म्हातारा प्रसन्न हसला. "मग तुम्ही मला आत बोलावलंत, माईकपुढे."

"दादा, तुम्हाला नाही बोलावलं. तिला बोलावलं."

चहा घेऊन आलेली सून मध्येच म्हणाली, "बोलून दाखवा ना, बाबा." आणि म्हाताऱ्याने डोळे मिटून सुरू केलं. सावकाश बसा, नाव हलते जरा. तिच्यासारखाच 'जरा'वर रेंगाळला. इतक्या वर्षांत ते वाक्य त्याने घोटून घोटून आपलं करून टाकलं होतं. काकांच्या अंगाची आग आग झाली. "दादा, खोटं आहे ते! मी गंमत केली होती!"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने सुनेकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "साहेब," तो म्हणाला, "खोटं असतं तर तुम्ही छापलं असतंत का?"

सून काकांच्या हातातला कप काढून घेऊन उभी राहिली होती. उठावंच लागलं.

नव्या गेमच्या समारंभाला मुलगीही आली. आईचं हिरवं लुगडं कापून शिवलेला ड्रेस घालून आली, वेडी. हॉल भरला होता. मॅनेजरने सांगितलं की खेळणाऱ्यांच्या खास आग्रहावरून नावाडीणबाईंच्या मूळ कलाकाराकडून ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून घेतलंय, कारण जुनी टेप खरखरत होती. पडद्यावर नाव आली. नवंकोरं पाणी, नवंकोरं धुकं. आणि वॉचमनचा आवाज, बारीक केलेला, आला: पोटात काही घातलंय का? हॉल टाळ्यांनी दणाणला. म्हाताऱ्याला दोघांनी धरून स्टेजवर चढवलं, त्याने हात जोडले, त्याचे डोळे भरून आले होते. बायकोने गंमत म्हणून सुचवलेली थाप आता अक्षरशः खरी झाली होती, आणि नव्या गेममधून तिचा आवाज कायमचा पुसला गेला होता.

"आता थापाकाका दोन शब्द बोलतील," मॅनेजर म्हणाली.

काका स्टेजवर गेले. माईक हातात घेतला. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. "तो आवाज माझ्या बायकोचा होता," ते म्हणाले. "ती आता नाही. तो तिचाच आवाज होता." हॉलमध्ये कुठेतरी फिसकन हसू फुटलं. काकांचा तोल गेला. ते ओरडले, "अरे, शपथेवर सांगतो!"

त्या संध्याकाळचा सगळ्यांत मोठा हशा तो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. वॉचमनही हसत होता, डोळे पुसत. मॅनेजरने प्रेमाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर बसस्टॉपवर दोघं बापलेक उभी राहिली. मुलगी ड्रेसच्या बाहीचा एक निघालेला दोरा ओढत राहिली. लहानपणी तिचे पडलेले दात उंदीर नवे करून परत करतो, चंद्राला मागून खिळा मारलाय, असलं काय काय काकांनी तिलाही शपथेवर सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. ती खरंच आईच होती ना?"

काकांनी तोंड उघडलं. जिभेवर तेच वाक्य आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"हो," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि बस येतेय का ते बघायला रस्त्याकडे वळली.