अंगावरची खूण

समुद्रकाठच्या एका ओंडक्यावर नीट घडी करून ठेवलेले ते कपडे मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. ही एक मात्र जायला तयार नाही, आणि आताशा ती जरा जास्तच आठवते.

मी मूळचा नागपूरचा, पण पोलिसात नोकरी केली ती अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या समुद्राकाठच्या एका छोट्या काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा आणि शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. त्याच्या हाताखाली डेप्युटी म्हणून लागलो आणि तपास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आलो होतो इंजिनीअर व्हायला, ते काही जमलं नाही. मी पोलीस झालो हे आईने नातेवाइकांना बरीच वर्षं कळू दिलं नाही. 'सरकारी नोकरीत आहे' एवढं सांगून ती चहा टाकायला उठायची.

आमच्या हद्दीत एक रिसॉर्ट होतं, जिथे माणसं अंगावर कपडे न घालता राहतात. हे सांगितलं की ऐकणारा हमखास डोळे मिचकावतो. त्याने एकदा तिथे जाऊन यावं. साठी-सत्तरीची माणसं पत्ते खेळत असतात, शब्दकोडी सोडवत असतात, आणि बसण्याआधी प्रत्येक जण खुर्चीवर स्वतःचा टॉवेल अंथरतो, कारण तो तिथला पहिला नियम आहे. दुसरा नियम असा, की इथे कोण आलं होतं हे बाहेर बोलायचं नाही. उन्हाळ्यात जागा मिळत नाही. ऑक्टोबर सरला की धुकं, पाऊस आणि वारा एवढंच उरतं. तेव्हा बंद खिडक्यांच्या केबिन्समध्ये मोजकी माणसं राहतात, ज्यांची घरी कोणी वाट बघत नाही अशी.

अशाच एका नोव्हेंबरात सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईचा स्टेशनला फोन आला. किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यावर पुरुषाचे कपडे आहेत, माणूस कुठे दिसत नाही. आम्ही पोचलो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्वेटर, पँट, बनियन, सगळ्यात खाली अंतर्वस्त्रं. मोजे बुटांत खोचलेले आणि वर चष्मा, तोही केसमध्ये. अशा जागी मी कपडे बरेच पाहिले होते. काही घाईत फेकलेले असतात, काही असे, गावाला जायची बॅग भरावी तसे रचलेले. मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त धास्ती वाटते. त्यात विचार झालेला असतो.

भरती चढत होती, त्यामुळे पावलांचे ठसे गेले होते. सार्वजनिक पार्किंगमध्ये एकच गाडी उभी होती. नंबरावरून मालक कळला. तीनेक तासांवरच्या बॉथेल गावात एकटाच राहणारा, साठीच्या आसपासचा मराठी माणूस. पँटच्या खिशातला फोन वाजून वाजून थकला होता. त्यावर मुलीचे मिस्ड कॉल होते. मी तिला फोन लावला. ती तिकडेच, जवळच्या बेलव्ह्यूला ऑफिसात होती, तशीच उठून गाडीत बसली.

तटरक्षक दलाची बोट आली, हेलिकॉप्टर आलं. त्या दिवसांत तिथलं पाणी इतकं गार असतं की धडधाकट माणूसही फार वेळ टिकत नाही. अंधार पडला की शोध थांबवायचा आणि नंतर फक्त देह शोधायचा, हे ठरल्यासारखंच होतं. रिसॉर्ट ओंडक्यापासून जवळच, वरच्या टेकाडावर, म्हणून मी एका डेप्युटीला तिथे पाठवलं. तो पाच मिनिटांत परत आला. या नावाचं इथे कोणी नाही आणि पाहुण्यांबद्दल आम्ही बोलत नाही, असं मॅनेजरने सांगितलं होतं.

दुपारी मुलगी पोचली. इथेच जन्मलेली, तिशीच्या आतली. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तिने विचारलं, "तुम्ही मराठी आहात?"

"हो."

"काका, प्लीज, ते हेलिकॉप्टर परत का जातंय?"

"इंधन भरायला. येईल परत."

पुराव्याच्या पिशवीतला स्वेटर तिने ओळखला आणि पिशवीसकट छातीशी धरला. नियमाप्रमाणे मी तो परत घ्यायला हवा होता. घेतला नाही.

मग नेहमीचे प्रश्न. आजार? नाही. भांडण? नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मुलीचं स्वतःचं लग्न ठरलेलं, वसंतात, सगळं मराठी पद्धतीने.

"लास्ट संडेला मी बाबांकडे गेले होते," ती म्हणाली. "कन्यादानाला त्यांनी नेसायचं सोवळं मी पुण्याहून मागवलंय. ते दाखवलं. म्हटलं, वर फक्त उपरणं, शर्ट नाही, फोटोत किती छान दिसेल! ते काही बोललेच नाहीत. मला वाटलं, ही इज मिसिंग आई."

"त्यांच्या अंगावर काही खूण? जन्मखूण, ऑपरेशनचा व्रण?"

"नो, नथिंग. त्यांची स्किन एकदम क्लिअर आहे. समरमध्येही फुल स्लीव्ह्ज, कधी सनबर्नसुद्धा नाही." ती ठामपणे म्हणाली.

मी लिहून घेतलं. उंची मध्यम, वर्ण सावळा, अंगावर खूण नाही.

अंधाराला थोडा वेळ होता. मी स्वतः टेकाड चढलो. मॅनेजर फाटकाशीच आडवा आला. वॉरंट असेल तर दाखवा, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

"मला नाव नकोय," मी म्हणालो. "नाव माझ्याकडे आहे. तो जिवंत आहे की नाही, एवढंच हवंय. खाली त्याची मुलगी उभी आहे."

त्याने मला आत घेतलं. बंदिस्त हॉल, मधोमध गरम पाण्याचा तलाव, काचांवर वाफ. पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती आणि मी त्यांच्यात टोपी, रेनकोट, कमरेला पिस्तूल अशा अवतारात. संकोच मला वाटत होता, त्यांना नाही. चौकशीत आम्ही माणसाचे कपडे वाचतो. खिशात हात कोण घालतो, कॉलर कोण सैल करतो, बाही कोण ओढतो. इथे ना खिसा, ना कॉलर. माझी निम्मी विद्या दाराबाहेरच राहिली.

फोटो दाखवला. सगळ्यांनी माना हलवल्या, जरा जास्तच लवकर. पोलिसाला हे कळतं. ज्याने पाहिलेलं नसतं तो फोटो नीट बघतो, आणि ज्याने पाहिलेलं असतं तो फोटोकडे बघत नाही. पण त्यावरून कुणाला दरडावता येत नाही.

म्हणून मी टोपी काढली आणि त्यांच्यातच एका खुर्चीवर बसलो. टॉवेल नव्हता, रेनकोट अंथरला. एक आजी त्यावर हसल्या. ऐंशीच्या असतील, पांढऱ्या केसांची लहान वेणी, आवाज शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत. त्यांनी विचारलं, "फोटो सोडा. माणूस दिसायला कसा आहे?"

मी टिपण वाचून दाखवलं. मध्यम उंची, सावळा, अंगावर कुठलीही खूण नाही.

आजींनी सुटकेचा श्वास सोडला. "मग तो आमच्यातला नाही. आमच्या त्याच्या तर पाठभर पांढरे डाग आहेत, मांड्यांवरही."

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाकीचे त्यांच्याकडे बघत राहिले.

माझ्या जागी माझा एखादा अमेरिकन सहकारी असता तर त्याने आभार मानून वही मिटली असती. मुलीने सांगितलेलं वर्णन जुळत नव्हतं. पण मला एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. उन्हाळ्यात न काढलेल्या पूर्ण बाह्या. बिनशर्टाचं सोवळं. लग्नाला आलेली मुलगी. कोड!

माझ्या एका आत्याचं ठरलेलं लग्न पाठीवरच्या एवढ्याशा पांढऱ्या डागापायी मोडलं होतं. ना तो डाग दुखतो, ना कुणाला लागतो. तरी आपल्याकडे घराण्यात कोड आहे म्हटलं की चांगली शिकलेली माणसं चहाचा कप अर्धा ठेवून उठतात. मला त्याची तेव्हाही चीड होती, आजही आहे. अशा घरांत बाप आपलं अंग मुलीपासूनही लपवतो, कारण लपवून ठेवायचं ते तिच्यासाठीच असतं. ती खोटं बोलली नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

मी बाहेर आलो. केबिन्सची रांग धुक्यात उभी होती, सगळ्या बंद, सगळ्या सारख्या. शेवटच्या केबिनच्या कठड्यावर लाल काठाचा एक सुती पंचा वाळत घातला होता. जाड अमेरिकन टॉवेलांच्या त्या मुलखात तो पंचा बघून मी जागीच थांबलो. तसा पंचा माझ्या वडिलांचा असायचा.

दार वाजवलं. आत हालचाल झाली. मी मराठीत म्हणालो, "अहो, दार उघडता का? मी शेरीफ ऑफिसातून आलोय. तुमची मुलगी खाली आहे. तुम्ही बुडालात असं समजून उभी आहे."

आतून आवाज आला, "तुम्ही मराठी आहात?" बापलेकींचा प्रश्न एकच.

त्यांनी दार उघडलं. अंगाभोवती आजींचं ब्लँकेट होतं. केबिन आजींची होती. ते म्हणाले, "पाण्यात गेलो होतो, खोटं कशाला सांगू? कमरेपर्यंत गेलो. पुढे जायचं असंच ठरवून गेलो होतो. तेवढ्यात या बाईंनी वरून हाक मारली, कॉफी गार होतेय म्हणून. आमची ही गेल्यापासून मला कुणी अशी हाक मारली नव्हती. पाय वळले. वर येऊन कॉफी घेतली, कपडे आणायला निघतो तर खाली तुमच्या गाड्या. मग लेक आली. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"इथे किती दिवस येताय?"

"ही गेली त्या वर्षापासून. सीझन संपला की. कुणी आपलं भेटायची भीती नसते ना." त्यांनी ब्लँकेट खांद्यावर ओढून घेतलं. "पाठीला मलम ती लावायची. माझा हात पोचत नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा सीझन नुकताच सरला होता, ऊन होतं. या बाई म्हणाल्या, डाग भाजतील, क्रीम लावून देऊ का? एवढंच. दुसरं काही विचारलं नाही. त्या दिवशी मी या खोल्यांमागे जाऊन रडलो."

आमच्याकडे नियम असा, की हरवलेला माणूस सज्ञान असेल आणि सापडला, तर त्याच्या इच्छेविरुद्ध पत्ता घरच्यांना सांगायचा नाही. सुखरूप आहे एवढंच कळवायचं. मी वायरलेसवर कळवलं, माणूस जिवंत आहे, शोध थांबवा, रुग्णवाहिका पाठवा. मग त्यांना म्हणालो, "मी तिला जिवंत आहेत एवढं सांगतो. बाकी तुमच्या हातात. पण दवाखान्यात आज जायचंच, डॉक्टरांशी बोलायचं. त्यात माघार नाही."

"ती विचारेल, कुठे होतात? का?"

"विचारेल."

त्यांनी कपडे मागितले. कपडे खाली पुराव्यात होते आणि बॅग गाडीत. मी माझा रेनकोट देऊ केला. त्यांनी तो हातात घेतला, बघितला आणि माझ्या हातात परत ठेवला. कठड्यावरचा ओला पंचा, मागच्या खेपेला आजींकडे राहिलेला, कमरेला गुंडाळला. त्या थंडीत, उघड्या अंगाने, ते टेकाड उतरायला लागले. मी रेनकोट घेऊन मागून चाललो. समोर जाणारी ती पाठ बघत होतो, सावळी आणि पांढरी.

मुलगी धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिने बघितलं. खांदे, छाती, दंड. ते तिच्यासमोर हात खाली सोडून उभे राहिले. मग सावकाश वळले आणि तिला पाठ दाखवली. मी नोकरीत बऱ्याच कबुल्या ऐकल्या आहेत, अशी कबुली पाहिली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "थंडी वाजत नाहीये का तुम्हाला? आर यू क्रेझी?" आणि पिशवी फाडून तिने स्वेटर काढला आणि लहान मुलाला घालावा तसा त्यांच्या डोक्यातून घातला. मग तो वर सरकवून पाठीवर तळहात ठेवला आणि रडायला लागली. "आईला माहीत होतं?"

"तीच मलम लावायची."

"मग मला का नाही सांगितलं? मी लावलं असतं ना, बाबा!"

मी तिथून दूर गेलो. फाडलेल्या पिशवीचा खुलासा नंतर मला लेखी द्यावा लागला. तो मी आनंदाने दिला.

लग्नाचं बोलावणं मला आलं होतं. गेलो. कन्यादानाला ते सोवळं नेसून बसले होते, वर नुसतं उपरणं. मांडवात थोडी कुजबुज झाली आणि जेवणाच्या वासात विरून गेली. पहिल्या रांगेत वेणीवाल्या आजी जरीची साडी नेसून बसल्या होत्या. कपड्यांत त्यांना मी आधी ओळखलंच नाही.

या केसने मला एक शिकवलं. अंगावर काही खूण आहे का, हा प्रश्न आम्ही रोज विचारतो आणि उत्तर झटकन लिहून घेतो. त्या प्रश्नाचा खरा अर्थ असा आहे, की या माणसाला जवळून बघितलेलं कोणी आहे का? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर नाही असंच असतं.

माझी पत्नी जाऊन आता काही वर्षं झाली. मीही ऑफ-सीझनला त्या किनाऱ्यावर जातो, गाडीतच बसतो, थर्मासमधला चहा पितो आणि परत येतो. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे लहानपणी भाजल्याची खूण आहे. ती तिला माहीत होती. परवा हे लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, की मी हरवलो तर ही खूण पोलिसांना सांगणारं आता कोणी नाही.

मुलाला फोन केला. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला असतो, गाडी चालवत होता. त्याला सांगितलं, "माझ्या डाव्या खांद्यामागे भाजल्याचा डाग आहे. रुपयाएवढा."

"व्हॉट? बाबा, हे आत्ता का सांगताय? आर यू ओके?"

"आहे. तू फक्त लक्षात ठेव."

त्याने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "बाबा, मी या वीकेंडला तिकडे येतो. दाखवा मला."