नदीपलीकडचं हुआरेस

मी शिकलो तो निपाणीच्या माझ्या भूगोलाच्या सरांमुळे. त्यांचा दुसरा लाडका विद्यार्थी, माझा वर्गमित्र, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका गावी गेला. मी ठाकूरद्वारच्या चाळीतून कारकुनीला जात होतो. त्याची पत्रं सर मला कौतुकाने पाठवत. त्यांत असे: नदीवरचा पूल ओलांडला की मेक्सिकोचं हुआरेस, तिथला बाजार, रोज पुलावरून कामाला येणारी माणसं.

"पुन्हा मेक्सिको? तोंड बघ तुझं, आंबलंय नुसतं!" खोलीतला सोबती हसे.

खाली संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालत. एके दिवशी मी जळफळत वाचनालय गाठलं आणि सरांना लिहिलं:

"सर, त्या नदीचे दोन्ही काठ पूर्वी एकाच देशात होते. युद्ध झालं आणि नदीच सीमा ठरली. निपाणी कुठे जाणार या काळजीत तुम्ही आहात, म्हणून कळवतो. त्याने पूल पाहिला, पण हे लिहिलं नाही. त्यालाही कळवा, माझ्या नावानिशी."